चार मीटर आणि एक घड्याळ : चालण्याचा वेग घरी कसा मोजावा, कसा वाचावा, कसा वाढवावा

लहानपणी बाबांबरोबर चालायचं म्हणजे मला जवळजवळ पळावंच लागायचं. त्यांच्या दोन ढांगांत माझी पाच पावलं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही दोघं बोलत चाललो होतो आणि मध्येच लक्षात आलं की मी एकटाच बोलतोय. मागे वळून पाहिलं तर बाबा दहा-बारा पावलं मागे होते. नजर खाली, एकेक पाऊल जपून टाकत येत होते. "तू हो पुढे, मी येतो सावकाश," म्हणाले. ते कधीपासून मागे पडायला लागले, हे मला आठवेना. रक्तदाब दर महिन्याला मोजत होतो, साखरेच्या रिपोर्टांची फाइल नीट लावलेली होती. चाल मात्र कुणी कधी मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरातल्या फरशीवर टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्या आणि मोजली. चार मीटरला ५.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.७४ मीटर. या आकड्याचा अर्थ लावायला मला बरेच दिवस लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा आकडा एवढा बोलका का

चालणं आपल्याला इतकं सवयीचं असतं की त्यामागे किती यंत्रणा राबतात हे जाणवतच नाही. एक पाऊल उचलायचं तर मेंदूने ठरवावं लागतं, मज्जारज्जूने निरोप पोचवावा लागतो, मांडी आणि पोटरीने जोर लावावा लागतो, गुडघ्याने आणि घोट्याने साथ द्यावी लागते. डोळे, कानातली तोलाची यंत्रणा आणि तळव्यांची जाणीव मिळून तोल सांभाळतात. हृदय आणि फुप्फुसं या सगळ्यांना प्राणवायू पुरवतात. यातलं काहीही कुरकुरायला लागलं की शरीर आधी वेग कमी करतं. दुखणं जाणवायच्या आधी, रिपोर्टात दिसायच्या आधी, माणूस हळू चालायला लागतो. म्हणून तर स्टेसी फ्रिट्झ आणि मिशेल लुसार्डी या अमेरिकन फिजिओथेरपी अभ्यासकांनी २००९ साली चालण्याच्या वेगाला सहावी जीवनखूण म्हटलं. नाडी, ताप, रक्तदाब जसा तपासतात तसाच हाही तपासावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

सगळ्यात वजनदार पुरावा २०११ सालचा आहे. स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ अभ्यासांची माहिती एकत्र केली. त्यात ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ३४,४८५ लोकांचा, ६ ते २१ वर्षांचा मागोवा होता. सेकंदाला ०.१ मीटर वेग जास्त असेल, तर मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी दिसला. पंचाहत्तरीतल्या पुरुषांत पुढची दहा वर्षं जगण्याची शक्यता वेगानुसार १९ टक्क्यांपासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत होती, बायकांत ३५ पासून ९१ टक्क्यांपर्यंत. वय तेच आणि फरक एवढा! माझ्या मनात ठसलं ते मात्र दुसरंच. वय, स्त्री की पुरुष आणि चालण्याचा वेग एवढ्या तीन गोष्टींवरून केलेला अंदाज हा जुने आजार, धूम्रपान, रक्तदाब, वजन असं सगळं धरून केलेल्या अंदाजाइतकाच नेमका निघाला.

हे फक्त म्हातारपणाचं आहे असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. त्यातल्या ९०४ जणांची चाल पंचेचाळिसाव्या वर्षी मोजली. हळू चालणाऱ्यांचं शरीर वयाच्या मानाने लवकर झिजलेलं आढळलं, मेंदूच्या चित्रांतही तशा खुणा होत्या. तेव्हा चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनी हा लेख नुसता आईवडिलांसाठी वाचू नये.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. वेग हा थर्मामीटरचा पारा आहे. पारा खाली ढकलून ताप जात नाही, तसं मोजताना चार मीटर झपाट्याने चालून आयुष्य वाढत नाही. वेग कमी आहे हे कळलं की तो का कमी आहे ते शोधायचं आणि त्या कारणावर काम करायचं. वेग मग आपसूक सुधारतो.

मोजायचं कसं

मोकळी, सपाट, न घसरणारी जागा हवी. मोजायचं अंतर ४ मीटर, पण त्याच्या आधी आणि नंतर निदान एकेक मीटर मोकळं ठेवा. उभ्या जागेवरून निघाल्यावर पहिली दोन-तीन पावलं हळू पडतात आणि थांबण्याआधी वेग पुन्हा कमी होतो, म्हणून ही जागा सोडायची. आमच्या घरात समोरच्या खोलीपासून आतल्या दारापर्यंत जेमतेम साडेसहा मीटर सरळ जागा मिळाली, तेवढी पुरली. जागा मोठी असेल तर ६ मीटर मोजा. अंतर जास्त तेवढी घड्याळ दाबण्यातली चूक कमी भोवते.

मोजपट्टीने अंतर मोजा, अंदाजाने नको. दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा. फोनमधलं स्टॉपवॉच चालतं. चालणाऱ्याने पहिल्या पट्टीच्या मीटरभर आधीपासून निघायचं. त्याचं पहिलं पाऊल पट्टीपलीकडे टेकलं की घड्याळ सुरू, दुसऱ्या पट्टीपलीकडे पहिलं पाऊल टेकलं की बंद. पट्टीशी थांबायचं नाही, तिच्यापुढेही चालत राहायचं, हे आधी नीट समजावून सांगा. नाहीतर माणूस पट्टीवरच थबकतो.

आता खरी मेख. कुणी घड्याळ घेऊन बघतंय म्हटलं की माणूस भरभर चालतो. बाबांनी पहिल्या वेळी हेच केलं. छाती पुढे, हात जोरात, जणू परीक्षाच. मी म्हटलं, "बाबा, असं नको. दारावरची बेल वाजली, उघडायला जाताय, तेही घाई नसताना. तसं चाला." ते दोनदा चालले, तरी जरा आवेशातच. तिसऱ्या खेपेला मी घड्याळ हाताआड लपवलं आणि ते उगाच काहीतरी बोलत येरझारा घालत होते तेव्हा मोजलं. खरा आकडा तो होता. म्हणून पहिली खेप सरावाची समजून सोडून द्या, पुढच्या दोन खेपांची सरासरी धरा. चालणाऱ्याच्या शेजारून चालू नका, नाहीतर तुमचाच वेग त्याला लागतो. तोल जाण्याची भीती असेल तर अर्धं पाऊल मागे आणि बाजूला राहा.

काठी किंवा वॉकर रोज लागत असेल तर मोजतानाही तो हवाच, आणि आकड्यापुढे तसं लिहून ठेवा. पायात रोजचंच पादत्राण, दर वेळी तेच. वेळही शक्यतो तीच ठेवा. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या अंग आखडलेलं असतं, तेव्हाचा आकडा आणि दुपारचा आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

हिशेब सोपा : अंतर भागिले सेकंद. ४ मीटरला ५ सेकंद लागले तर ०.८. चार सेकंद लागले तर १. साधारण ३.३ सेकंद लागले तर १.२. ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ ने गुणा. म्हणजे ०.८ म्हणजे ताशी तीन किलोमीटरच्या किंचित आत, आणि १.२ म्हणजे साधारण ४.३.

आकडा वाचायचा कसा

पासष्टीपुढच्या माणसांसाठी ढोबळ खुणा अशा. ०.८ च्या आसपास वेग असेल तर त्या वयाच्या माणसाचं असतं तेवढं सरासरी आयुर्मान धरायचं. १ किंवा जास्त असेल तर सरासरीपेक्षा बरी परिस्थिती, १.२ च्या पुढे फारच चांगली. स्नायू झिजण्याच्या आजाराचं निदान करताना युरोपातले तज्ज्ञ वेग ०.८ किंवा त्याखाली असेल तर आजार गंभीर धरतात. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली रेषा वर नेली, १ च्या खाली वेग असेल तर तो कमी म्हणावा असं सुचवलं.

याला एक रोजच्या व्यवहाराची बाजूही आहे. पादचाऱ्यांचा सिग्नल किती वेळ हिरवा ठेवायचा हे ठरवताना अनेक ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं गृहीत धरलं जातं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत पासष्टीपुढच्या बहुसंख्य लोकांचा वेग त्याखाली निघाला. रस्त्याच्या मध्यावर दिवा लाल झाल्यावर घाबरून पाय उचलणारी वयस्कर माणसं आपण बघतो. दोष त्यांच्या सावकाशीचा नसतो, त्यांना वेळच अपुरा दिलेला असतो.

सिडनीच्या संशोधकांनी सत्तरी ओलांडलेल्या १,७०५ पुरुषांची चाल मोजून, मृत्यू माणसाच्या मागे चालत येतो अशी कल्पना करून, मृत्यूच्या पावलांचा वेग काढला होता. सेकंदाला ०.८२ मीटर. १.३६ किंवा त्याहून जास्त वेगाने चालणाऱ्या एकालाही त्या काळात मृत्यूने गाठलं नाही. मांडणी गमतीची आहे, आकडे खरे आहेत. पण एवढं वाचून ०.८ खालच्या कुणी धास्ती घेऊ नये. ही हजारो लोकांची सरासरी आहे. एकट्यादुकट्याचं भविष्य तिच्यात लिहिलेलं नसतं. गुडघ्याच्या दुखण्याने हळू चालणारा माणूस आणि हृदय थकल्याने हळू चालणारा माणूस यांचा आकडा एकच येऊ शकतो, गोष्ट मात्र निराळी असते. माणूस मुळातच बुटका असेल, रमतगमत चालणारा असेल, तर तेही लक्षात घ्या.

खरी किंमत आहे ती बदलाला. सेकंदाला ०.०५ मीटरचा फरक हा छोटा पण अर्थपूर्ण मानतात आणि ०.१ चा फरक मोठा. चार मीटरच्या भाषेत सांगायचं तर ५ सेकंदांचे ५.७ झाले की वेग ०.८ वरून ०.७ वर आला. पाऊण सेकंदाहून कमी फरक! नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, आणि रोज बरोबर राहणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही. म्हणून तारीख घालून वहीत लिहायचं. पासष्टीपुढे दर तीन महिन्यांनी, त्याआधी वर्षातून एकदा पुरे.

आणखी दोन मोजमापं

नेहमीच्या वेगानंतर एकदा "न पळता, पडणार नाही इतक्या बेताने, जमेल तेवढं जोरात" चालायला सांगा. या दोन वेगांमधलं अंतर म्हणजे हाताशी असलेली शिल्लक. नेहमीचा वेग ०.९ आणि जोराचा १.३ असेल तर गाठीला काहीतरी आहे. दोन्ही जवळपास सारखेच निघाले तर तो माणूस रोजचं साधं चालणंही पूर्ण ताकद लावून करतो आहे, असं समजा. तापाचं एक आजारपणसुद्धा अशा माणसाला जड जातं.

दुसरं, बोलताना काय होतं ते बघा. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं की बोलायला लागताच चालायचे थांबणारे वृद्ध पुढच्या काळात जास्त पडतात. तोल सांभाळण्यातच मेंदूचं सगळं लक्ष खर्च होत असलं की बोलण्यासाठी काही उरत नाही. चालताना शंभरातून तीन-तीन वजा करत जायला सांगा आणि वेग किती उतरतो ते पाहा. थोडा उतरणं स्वाभाविक आहे. पाय जागीच थांबले किंवा झोक गेला, तर ही नोंद डॉक्टरांना दाखवा. चाल मंदावणं आणि विसरभोळेपणा वाढणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मेंदूची तपासणी लांबणीवर टाकू नका.

हळू का झाले, ते आधी शोधा

इथे सर्वात जास्त वेळ द्या. "वय झालं" हे उत्तर सोपं आहे आणि बऱ्याचदा अपुरं. मीही आधी तेच धरून चाललो होतो.

सुरुवात पायांपासून करा. मोजे काढून तळवे बघा. मांसात शिरलेलं नख, भोवरी, टाचेची भेग, अंगठ्याचं वाढलेलं हाड, यांतल्या कशानेही चाल बदलते आणि लाजेखातर माणूस सांगत नाही. बोटांना, तळव्यांना स्पर्श नीट कळतो का ते विचारा. मधुमेहात आणि ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत ती जाणीव बोथट होते, मग माणूस खाली बघत चालतो. चप्पल सैल असेल तर ती पायातून निसटू नये म्हणून बोटं आवळून, पाय घासत चालावं लागतं. मागून बंद असलेला, पातळ आणि घट्ट तळाचा बूट घातला की काहींची चाल त्याच दिवशी सुधारते.

मग चष्मा. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत असेल तर पायरी काचेच्या खालच्या भागातून दिसते आणि धूसर दिसते. बाहेर चालायला फक्त लांबचा वेगळा चष्मा ठेवता येईल का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

औषधांची यादी घेऊन बसा. झोपेच्या गोळ्या, मन शांत ठेवणारी औषधं, रक्तदाबाच्या गोळ्या, काही ॲलर्जीची औषधं यांनी गुंगी येते किंवा तोल जातो. बाबांचं दुखणं इथेच सापडलं. त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं बसवूनच मोजला जात होता, आणि तो उत्तम होता. आम्ही डॉक्टर बदलले, त्या नव्या डॉक्टरांनी पाच मिनिटं आडवं झोपवून मोजला आणि मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. वरचा आकडा २० हून जास्त खाली आला. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते हे बाबांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. चार महिन्यांपूर्वी जिन्यात एकदा तोल गेला होता, तेही त्या दिवशी प्रथमच बोलले. तेव्हापासून ते जपून, खाली बघत चालायला लागले होते. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण आणि वेळ बदलली. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब१२ आणि ड जीवनसत्त्व पाहण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. कानाने कमी ऐकू येतं का, मन उदास असतं का, हेही विचारा. उदास माणसाची पावलं जड पडतात, ही नुसती म्हणायची गोष्ट नाही.

काही लक्षणं मात्र थांबू देत नाहीत. एकाएकी एक पाय ओढायला लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा, तासाभराने बघू असं नको. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळे येतात आणि थांबलं की जातात, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं, असं असेल तर कमरेच्या मणक्यात नसांवर दाब असू शकतो. छोटी घासती पावलं, एका बाजूचा हात न हलणं, वळताना पाय जमिनीला खिळणं ही पार्किन्सनची चिन्हं असू शकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवी आवरत नाही आणि विसरायला होतं, हे तिन्ही एकत्र असेल तर मेंदूत पाणी साठण्याचा एक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून ते म्हातारपणाच्या खाती घालून गप्प बसू नका.

वेग वाढवायचा कसा

कारण शोधून झालं, डॉक्टरांनी होकार दिला, की मग ताकदीचं काम. बरेच लोक इथे फक्त "रोज चाला" म्हणतात. चालणं हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. वय वाढतं तशी पावलं आखूड होतात, आणि त्याचं मोठं कारण पोटरीत असतं. मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटतो तेव्हा शरीर पुढे जातं. तो रेटा कमी झाला की माणूस मांडी उचलून, कमरेतून ओढून पाय पुढे नेतो आणि लवकर दमतो.

१९९४ साली मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १०० अशक्त माणसांवर प्रयोग केला. सरासरी वय ८७. दहा आठवडे वजनं वापरून पायांचा व्यायाम केलेल्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली आणि चालण्याचा वेग जवळपास १२ टक्क्यांनी वाढला. सत्त्याऐंशीव्या वर्षी! आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

आम्ही जे केलं आणि ज्याचा गुण आला ते असं.

खुर्चीवरून उठणं. चाकं नसलेली, हात असलेली घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका आणि टाचा रेटत उठा. पूर्ण सरळ उभं राहा, मग तीन आकडे मोजत सावकाश टेका. धपकन बसायचं नाही, खाली येतानाच स्नायू जास्त कमावला जातो. हातांचा आधार लागत असेल तर घ्या, नाहीतर सीटवर टणक उशी ठेवून उंची वाढवा. बाबांना पहिल्या आठवड्यात पाच वेळा उठताना दोन्ही हात लागायचे. तिसऱ्या आठवड्यात एक हात पुरला, सहाव्या आठवड्यात हात छातीवर घडी घालून उठायला लागले. आठ-दहा उठबशांचे दोन-तीन फेरे, एक दिवस आड. सोपं वाटायला लागलं की आकडा वाढवण्याऐवजी उठण्याचा वेग वाढवा : झटकन उठा, सावकाश बसा. कारण चालताना ताकद क्षणात लावावी लागते.

टाचा उचलणं. जड टेबलाला किंवा कठड्याला बोटं टेकवून उभं राहा. दोन्ही टाचा जमतील तेवढ्या वर, क्षणभर थांबा, सावकाश खाली. दहा-बारा वेळा, दोन-तीन फेरे. महिन्याभराने वर जाताना दोन्ही पाय आणि खाली येताना एकच पाय. आमच्या घरात वेगात सर्वांत जास्त फरक याने पडला असं माझं मत आहे.

तोलासाठी कठड्याजवळ एका पायावर उभं राहणं, दहा सेकंदांपासून सुरुवात. मग एका पावलाच्या पुढ्यात दुसरं पाऊल, टाचेला चवडा चिकटवून चालणं. हाताशी आधार असायलाच हवा. ज्येष्ठांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता चालणं. जपानमधल्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत तपासून पाहिली : तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे, आठवड्यातून चार दिवस किंवा जास्त. पाच महिन्यांनी या लोकांच्या मांडीची ताकद आणि दम, दोन्ही एकाच वेगाने चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. जोरात म्हणजे किती? वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. पावलं मोजायची सवय असेल तर मिनिटाला साधारण १०० पावलं ही मध्यम जोराची खूण. सुरुवातीला तीन मिनिटं जमत नाहीत. बाबांनी एका मिनिटापासून सुरुवात केली, दोन फेऱ्यांपासून, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवलं. छातीत दुखलं, दाटून आलं, चक्कर आली, दम अनपेक्षित लागला तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

चालताना "पाय उचला" असं सांगू नका. त्याने पावलं आखूडच राहतात. नजर पंधरा-वीस पावलं पुढे, हात मोकळे, आणि मागच्या चवड्याने जमीन मागे ढकलायची, एवढंच सांगा.

खाण्यात प्रथिनं पुरेशी हवीत, नाहीतर व्यायाम फुकट जातो. ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम असा सल्ला तज्ज्ञ देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारून.

पुन्हा मोजा

दर आठवड्याला मोजून निराश होऊ नका, स्नायूंना वेळ लागतो. बारा आठवड्यांनी बाबांना चार मीटरला ४.७ सेकंद लागले, म्हणजे ०.८५. सहा महिन्यांनी ४.५, म्हणजे ०.८९. मग तापाने ते आठ दिवस अंथरुणाला खिळले. उठल्यावर आकडा ५.१ वर गेला होता, सहा महिन्यांची निम्म्याहून जास्त कमाई एका आठवड्यात गेली. २००७ साली झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांनी दहा दिवस पलंगावर काढले, तेवढ्यात त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला होता. ते वाचलेलं होतं, पण घरात घडताना पाहिलं तेव्हा पटलं.

त्यामुळे आजारपणात डॉक्टरांची मनाई नसेल तर माणसाला दिवसातून चार-पाचदा उठवून बसवा, पलंगाच्या कडेला पाय सोडून टाचा हलवायला लावा, आधार देऊन खोलीतल्या खोलीत दहा पावलं चालवा. ताप उतरल्यावर व्यायाम पूर्वीच्या निम्म्यावरून सुरू करा, जिथे सोडला तिथून नको. आम्ही खुर्चीवर पुन्हा उशी ठेवली, एक हात टेकून उठण्यापासून सुरुवात केली. परत ४.६ वर यायला सात आठवडे लागले.

फरशीवरच्या पट्ट्या वर्षभरात झिजल्या होत्या. परवा काढून नव्या लावल्या, मोजपट्टीने अंतर पुन्हा मोजून. एका कडेला बाबांच्या नोंदींची वही आहे. तिच्यात आता दुसऱ्या पानावर माझेही आकडे सुरू झाले आहेत.